शीरखुर्म्याचा डबा



माझी धाकटी मुलगी एमबीबीएस झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी एका सरकारी रुग्णालयात रुजू झाली, तेव्हा आम्ही मोहल्लाभर पेढे वाटले. घराण्यातली ती पहिली डॉक्टर. ईदला तिला सुटी मिळाली नाही, म्हणून शीरखुर्म्याचा डबा घेऊन मीच एसटीने गेलो. दुपारी एकला भेटते म्हणाली होती, आली रात्री साडेनऊला. ‘अब्बा, छत्तीस तास झाले ड्यूटीला,’ म्हणाली आणि चमचा हातात धरूनच बसल्या जागी झोपली.

जाग आल्यावर हळूच बोलली, ‘आज सकाळी एक पेशंट गेला. मला रडूच आलं नाही, अब्बा. काही वाटेनासंच झालंय.’ मी म्हणालो, ‘बेटा, पहिलं वर्ष असंच असतं. सोस थोडं.’

सारी हयात शब्दांत घालवलेल्या मला तिच्या वाक्याचा अर्थ परतीच्या एसटीत कळला. नुसतं थकलेलं माणूस झोप झाली की ताजंतवानं होतं. हिचं मन विझत चाललं होतं.

‘सोसावंच लागतं’ हा कुठला लेखी नियम नाही. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग काम सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याला एक सुटी असावी, असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्याच कृतिदलाच्या पाहणीत एमबीबीएसच्या सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. या वेळी फक्त ऐकलं. मानसोपचार विभाग तिच्याच इमारतीत, दोन मजले खाली; पण तेवढे जिने उतरायला तिला तीन महिने लागले. ‘कुणी पाहिलं तर कमजोर म्हणतील,’ ही भीती! दुसऱ्याचा ताप मोजणाऱ्यांना स्वतःचं दुखणं सांगायची चोरी. आज ती सावरली आहे, शिकते आहे.

तुमच्याही घरात असं लेकरू असेल, तर ‘परीक्षा कधी?’ विचारण्याआधी ‘झोपलास का? जेवलीस का?’ एवढं विचारा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. आणि मूल बोलू लागलं, की उपदेश करू नका.

तो मी करून पाहिला आहे.