शेतकरी गटाच्या सभेत प्रोजेक्टर कसा लावावा?

(कोरेगाव, जि. सातारा येथे शेतकरी गटांच्या प्रतिनिधींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्याशी खते, वाण किंवा फवारणी यांविषयी बोलणार नाही. ही माहिती आपल्यापर्यंत ज्या यंत्रातून पोहोचते, त्या यंत्राविषयी बोलणार आहे. आता अनेक गावांत ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा किंवा शेतकरी गट यांपैकी कोणाकडे तरी प्रोजेक्टर असतो. लॅपटॉपही काही घरांतील शिकणाऱ्या मुलांकडे असतो. तरीही सभा सातला ठरते आणि पडद्यावर चित्र यायला आठ वाजतात. तोवर निम्मी मंडळी धारा काढायला घरी गेलेली असतात. उरलेल्यांना जे दिसते, तेही खरे दिसते असे नाही.

खरे दिसत नाही म्हणजे काय, ते एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका गावात मी आल्याच्या रोगांवर चित्रे दाखवत होतो. पहिले चित्र निरोगी प्लॉटचे होते, दुसरे लोहाच्या कमतरतेचे आणि तिसरे कंदकुजीचे. पहिल्याच चित्रावर दोघे-तिघे म्हणाले, "साहेब, आमचंही आलं असंच पिवळं पडलंय. आळवणी कशाची करू?" मी उत्तर द्यायला लागलो, तेवढ्यात मागच्या ओळीतले एक आजोबा म्हणाले, "अहो, त्या फोटोतल्या माणसाची टोपीबी पिवळी हाय. तिलाबी कावीळ झाली का?"

सगळे हसले. मी मात्र घाबरलो, कारण आजोबांचे बरोबर होते. निळी व्हीजीए केबल मी घाईने जोडली होती आणि तिच्या टोकातील एक बारीक पिन वाकली होती. त्या पिनेतून निळा रंग येतो. निळा गेला की पांढरे ते पिवळे होते आणि कोवळी हिरवी पानेही पिवळसर दिसू लागतात. तिन्ही चित्रे जवळजवळ सारखीच दिसत होती. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. कंदकुजीत खालच्या पानांचे शेंडे व कडा पिवळ्या होतात, बुंधा पाणचट होऊन मऊ पडतो आणि झाड ओढताच हातात येते. एकाला अन्नद्रव्य हवे, तर दुसऱ्याला आधी पाण्याचा निचरा हवा. त्या रात्री कोणी निरोगी प्लॉटवर खर्च केला असता आणि कोणी कुजणाऱ्या प्लॉटला नुसते खत टाकले असते. चूक माझी होती. केबल मी आधी तपासली नव्हती.

म्हणून प्रोजेक्टर लावणे हे केवळ मुलांचे काम समजू नये. पंपाचा नोझल तपासल्याशिवाय आपण फवारणीला जात नाही. तसेच हे आहे.

यंत्र समजून घ्या

पडद्यावर चित्र दाखवणे महाराष्ट्राला नवे नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवली होती. त्या वेळच्या यंत्रात एक दिवा, एक लहान चित्र आणि एक भिंग अशा तीन गोष्टी होत्या. आजच्या प्रोजेक्टरमध्येही त्याच तीन गोष्टी आहेत. फरक इतकाच की लहान चित्र आता लॅपटॉप पाठवतो. त्यामुळे बिघाड शोधतानाही तीनच प्रश्न विचारावेत. उजेड पुरेसा आहे का? लॅपटॉपकडून चित्र नीट येते आहे का? भिंग योग्य जागी आहे का?

घरून निघण्यापूर्वी

सभेच्या आदल्या दिवशी पुढील तयारी करावी.

१) लॅपटॉपला चित्र बाहेर पाठवण्याचे कोणते तोंड आहे ते पाहावे. नव्या लॅपटॉपला चपटे एचडीएमआय किंवा लहान टाइप-सी असते. जुन्या प्रोजेक्टरला बऱ्याचदा पंधरा छिद्रांचे निळे व्हीजीए असते. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर मधला जोड म्हणजे अडॅप्टर आधीच आणून ठेवावा. ऐन वेळी तो तालुक्याच्या गावीही मिळेल याची खात्री नसते.

२) चित्रफीत इंटरनेटवरून दाखवण्याच्या भरवशावर राहू नये. ती लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावी.

३) मराठी मजकुराची काळजी घ्यावी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये असावा. शिवाय फाइलची एक पीडीएफ प्रत जवळ ठेवावी.

४) अक्षरे मोठी घ्यावीत. एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. सोपी कसोटी अशी : साधारण पंधरा इंची लॅपटॉप टेबलावर ठेवून चार फूट मागे उभे राहावे. तेथून वाचता आले, तर सभेत मागच्या ओळीलाही वाचता येईल.

५) लॅपटॉपचा चार्जर, तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड आणि एक पांढरा कोरा कागद सोबत घ्यावा. कागदाचा उपयोग पुढे सांगतो.

जागा व अंतर

बहुतेकांची चूक येथे होते. टेबल दिसेल तेथे यंत्र ठेवले जाते आणि मग चित्र लहान-मोठे करण्याची धडपड सुरू होते. त्याऐवजी हिशेब करावा. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो. तो दीड असेल, तर चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर यंत्र ठेवावे लागते. ८ फूट रुंद चित्रासाठी १२ फूट अंतर झाले.

शेवटची ओळ किती लांब असावी, याचाही हिशेब आहे. बारकावे वाचायचे असतील, तर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब कोणी बसू नये. ८ फूट रुंद व ५ फूट उंच चित्र असेल, तर शेवटची ओळ ३० फुटांच्या आत हवी. गर्दी जास्त असेल, तर चित्र मोठे करावे किंवा लोकांना जवळ बोलवावे.

सतरंजीवर बसणाऱ्या सभेत चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर असावी, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. टेबलावर ठेवायच्या बहुतेक प्रोजेक्टरचा झोत भिंगापासून वरच्या बाजूला जातो. म्हणून भिंग चित्राच्या खालच्या कडेच्या पातळीत आणावे. त्यासाठी टेबलावर एखादी भक्कम पेटी ठेवावी.

पडद्यासाठी चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेली, चकाकी नसलेली सपाट भिंत उत्तम. चादर लावायची असेल, तर दुहेरी करून ताणून बांधावी. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो. हिरवी, निळी वा पिवळी भिंत टाळावी, कारण तिचा रंग चित्रात उतरतो.

उजेडाविषयी एक मूलभूत गोष्ट लक्षात ठेवावी. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. जेथे उजेड पडत नाही, तेथे भिंत जशी दिसते तोच आपला काळा. म्हणून भर दुपारी मांडवात लावलेले चित्र फिके पडते. खिडक्यांना पोती किंवा जाड कापड लावावे, पडद्यावरचा दिवा बंद करावा आणि शक्यतो सभा सूर्यास्तानंतर घ्यावी. नवीन यंत्र घेताना उजेडाचा आकडा म्हणजे 'ल्यूमेन' विचारावा. गावच्या सभागृहासाठी ३००० किंवा त्याहून अधिक ल्यूमेनचे यंत्र सोयीचे पडते.

जोडणीचा क्रम

आधी केबल जोडावी, मग प्रोजेक्टर सुरू करावा आणि शेवटी लॅपटॉप. व्हीजीए केबल जोर लावून खुपसू नये. पिना सरळ आहेत का ते पाहावे, तोंड जुळवून बसवावे आणि दोन्ही स्क्रू आवळावेत.

पडद्यावर 'नो सिग्नल' आले, तर घाबरू नये. प्रोजेक्टरवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटण दाबून आपण जोडलेले तोंड निवडावे. मग लॅपटॉपवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून पी ही कळ दाबावी. समोर पर्याय येतात. त्यातील 'ड्युप्लिकेट' निवडल्यास लॅपटॉपवर दिसते तेच पडद्यावर दिसते. 'एक्स्टेंड' निवडले गेले, तर पडद्यावर नुसती मोकळी पार्श्वभूमी दिसते आणि सगळे गोंधळतात.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील किंवा अक्षरे बसकी दिसत असतील, तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरच्या मूळ मापाचे रिझोल्यूशन निवडावे. ते १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० असे पुस्तिकेत दिलेले असते. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकले किंवा थरथरले, तर 'ऑटो' बटण एकदा दाबावे.

चित्र सरळ व स्पष्ट करणे

यंत्राचे तोंड वर उचलले, तर चित्र वर रुंद व खाली अरुंद होते. अशा वेळी लोक लगेच 'कीस्टोन' बटण दाबतात. त्याने चित्र चौकोनी होते, पण ते यंत्र आतल्या आत दाबून बसवते आणि बारीक अक्षरांची धार जाते. आधी यंत्र पडद्याच्या बरोबर समोर आणि पातळीत आणावे. राहिलेली थोडी तूट कीस्टोनने काढावी. नंतर झूमने आकार ठरवावा आणि सर्वांत शेवटी फोकस फिरवावा. फोकस करताना फोटो लावू नये, अक्षरांचे पान लावावे. एकाने भिंग फिरवावे आणि दुसऱ्याने पडद्याजवळ उभे राहून सांगावे.

रंगाची कसोटी

आता तो कोरा कागद काढा. पडद्यावर एक पूर्ण पांढरे पान लावून कागद पडद्याजवळ धरावा. पडद्यावरचा पांढरा रंग पिवळा, निळा किंवा हिरवट वाटतो का ते पाहावे. संपूर्ण चित्रावरच एक छटा असेल, तर केबल काढून पिना तपासाव्यात. केबल ठीक असेल, तर 'कलर मोड' पाहावा. 'डायनॅमिक' किंवा 'ब्राइट' या पर्यायात उजेड वाढतो, पण अनेक यंत्रांवर हिरवट झाक येते. रोग-किडींची चित्रे दाखवताना 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' हा पर्याय घ्यावा.

आपल्या भागात आणखी एक सोपी कसोटी आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचे मूठभर दाणे आणि त्यांचाच एक फोटो जवळ ठेवावा. दाण्यावरील लालसर रेषा पडद्यावर तशाच दिसल्या, तर रंग बरोबर समजावेत.

आवाज व वीज

एचडीएमआय जोडल्यावर आवाज बऱ्याचदा लॅपटॉप सोडून प्रोजेक्टरच्या लहान स्पीकरमधून येऊ लागतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या चिन्हावर जाऊन हवा तो स्पीकर निवडावा. मोठ्या सभेसाठी वेगळा स्पीकर लागतोच. सभेपुरते व्हॉट्सअॅप व इतर सूचना बंद ठेवाव्यात आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी.

दिव्याचा प्रोजेक्टर साधारण २५० ते ३५० वॅट वीज घेतो. इन्व्हर्टर त्या हिशेबाने पाहावा. सभा संपल्यावर थेट प्लग ओढू नये. बटणाने यंत्र बंद करावे आणि आतला पंखा थांबेपर्यंत थांबावे. मध्येच वीज गेली, तर पंखा थांबून दिवा तापलेलाच राहतो. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे यंत्र निवू द्यावे आणि मगच सुरू करावे. या दिव्यात पारा असतो. तो फुटलाच, तर खिडक्या उघडून सर्वांनी खोलीबाहेर जावे. गावात धूळ जास्त असते, म्हणून यंत्राची जाळी वेळोवेळी साफ करावी. मुलांना भिंगात डोकावू देऊ नये.

शेवटची ओळ

बंधू-भगिनींनो, २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि पहिला क्रमांक याच तालुक्यातील वेळू गावाने मिळवला. ते काम श्रमदानाने झाले. पण गाव एकत्र येऊन काम करायचे, तर आधी गावाला सारखी माहिती हवी. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडताना आकडे फक्त पुढच्या दोन ओळींना दिसले, तर निर्णयही त्या दोन ओळींचाच होतो. मागे बसलेल्या भगिनी, वयस्कर मंडळी आणि उशिरा आलेले मजूर नुसते हात वर करतात.

म्हणून सभेच्या अर्धा तास आधी यंत्र लावावे आणि लावणाऱ्याने स्वतः शेवटच्या ओळीत जाऊन बसावे. अक्षरे वाचता येतात का? पांढरे पांढरे दिसते का? आवाज येतो का? तीनही उत्तरे 'हो' आली, की सभा सुरू करावी.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. पडद्यावरचे पान कितीही चांगले दिसले, तरी ते आपल्या शेतातले पान नव्हे. शंका आली, तर झाड मुळासकट उपटून बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे न्यावे आणि मगच औषधाला हात घालावा.

त्या सभेत आजोबांनी टोपीकडे पाहिले म्हणून आम्ही वाचलो. पुढच्या सभेत ते आजोबा असतीलच असे नाही. टोपीकडे आपणच पाहिले पाहिजे.