छत्तीस गडांचे वलय

राजमुद्रा म्हटली की मराठी मनापुढे उभी राहते ती शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा. तिच्यात चित्र नाही. जे सांगावयाचे ते संस्कृत अक्षरांनी सांगितले आहे. छत्तीसगडच्या शासनमुद्रेची रीत निराळी. नवा रायपूर येथील महानदी भवनात, म्हणजे त्या राज्याच्या मंत्रालयात, कागदोकागदी उमटणारी ही मुद्रा चित्रांनी बोलते. मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह, धानाच्या सोनेरी लोंब्या, विजेच्या रेषा, नद्यांच्या तिरंगी लहरी. आणि या सर्वांना वेढणारे 36 गडांचे वलय.

गड म्हणताच आपल्याला रायगड, प्रतापगड आठवावेत, हे स्वाभाविक आहे. परंतु कलचुरी राजांच्या या प्रदेशातील गड म्हणजे दर वेळी डोंगरमाथ्यावरचा दगडी किल्ला नव्हे. कित्येक ठिकाणी तो मातीचा कोट असे. मुख्य म्हणजे तो मुलकी विभाग होता. परंपरेने 84 गावांचा एक गड, त्याच्या पोटात 12 गावांचे बरहों; गडावर दीवान, बरहोंवर दाऊ आणि गावी गौंटिया. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे 18 गड, दक्षिणेस रायपूरचे 18. तेव्हा मुद्रेवरील हे बुरूज रणांगणापेक्षा वसुलीच्या वहीचे अधिक ऋणी आहेत, असे मला वाटते. सरकारी नोकराने त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही!

हे गड पुढे कोणी मोडले? आपणच. 1741 साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आली. पुढे बिंबाजी भोसले 1787 पर्यंत तेथे नांदले. मोडी लिपी आणि दसऱ्याचे सोने तिकडे रुजले ते त्यांच्या काळात. त्यांच्या मागून आलेले सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी गडांची जुनी घडी मोडून 27 परगणे पाडले. म्हणजे 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य जन्मले आणि त्याची मुद्रा घडली, तेव्हा मराठी दप्तराने पुसलेली संख्याच तिच्या कडेला पुन्हा कोरली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी या नावाचे मूळ 'चेदीशगड' असावे, असे सुचविले होते. मुद्रेने मात्र 36 या आकड्याचा पक्ष घेतला.

विजेच्या रेषांचे स्पष्टीकरण कोरब्याचा कोळसा देतो. लोंब्यांकडे अधिक निरखून पाहावे. मध्य प्रदेशाच्या मुद्रेत गहू आणि धान दोन्ही आहेत. वेगळे होताना छत्तीसगडने धान तेवढे ठेवले. आणि नवा रायपूर वसले आहे ते धान पिकविणाऱ्या गावांच्या जमिनींवर. मोबदला व पुनर्वसन यांसाठी तेथील शेतकरी 2022 साली अनेक महिने धरणे धरून बसले होते. ज्या शासनाकडे त्यांचे गाऱ्हाणे होते, त्याच्या पत्राच्या माथ्यावर धानाचीच लोंबी होती.