पाटल्यांचा कस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला ‘मानके’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकताच मागच्या रांगेतल्या दोघीतिघी चहाच्या किटलीकडे पाहू लागल्या, ते माझ्या लक्षात आले! तेव्हा माझ्या पाटल्यांपासूनच सुरुवात करते.

१९८२ साली माझ्या लग्नात आईने सहा तोळ्यांच्या पाटल्या केल्या. सोनार घरोब्यातला. त्याने बावीस कॅरेट म्हटले, आईने मानले. १९९८ मध्ये यजमानांचे मोठे ऑपरेशन निघाले आणि त्या मोडायला नेल्या. दुसऱ्या सोनाराने आटवल्या, तर सोने अठरा कॅरेटचे! चोवीस भागांत बावीस हवे, तिथे अठराच. म्हणजे सहा तोळ्यांत शुद्ध सोने अख्खे एक तोळे कमी. जुन्या सोनाराला विचारले, तर म्हणाला, “वहिनी, जोडकामात हीण घालावेच लागते.” त्यात थोडे तथ्य आहे. पण किती घालावे, हे कुठे लिहून ठेवले होते? कसोटीचा दगड वरचे सांगतो, पोटातले नाही. कमी पडलेले पैसे धाकट्या जावेने दिले. आईला मी हे शेवटपर्यंत कळू दिले नाही.

मानक म्हणजे हे ‘किती’ आधी ठरवून लिहून ठेवणे, आणि विकणारा व घेणारा सोडून तिसऱ्याने ते तपासणे. त्यासाठी १९४७ साली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन निघाली. आपल्या कुकरवरचे ‘आयएसआय’ हे तिचेच नाव. १९८७ पासून तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आहे, खूण मात्र जुनीच राहिली. सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली आले. माझ्या पाटल्या तोवर आटून गेल्या होत्या. सक्तीचे व्हायला तर जून २०२१ उजाडले, तेही आधी २५६ जिल्ह्यांत.

आता दागिना घेताना तीन खुणा पाहा: ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’ असा आकडा (हजारात ९१६ भाग सोने), आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा. फोनवरच्या ‘बीआयएस केअर’मध्ये तो घातला की दागिना कोणता, कस किती आणि कोणत्या केंद्रात तपासला, ते दिसते. हॉलमार्कचा दागिना कमी कसाचा निघाला, तर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. दोन ग्रॅमांखालच्या दागिन्याला मात्र सक्ती नाही, तेव्हा बारशाच्या अंगठीला जपून.

शेजारच्या काकू म्हणतात, घरच्या सोनारापुढे भिंग काढायचे म्हणजे लाजच की! मला उलट वाटते. सचोटीच्या सोनाराला आता शपथा घालाव्या लागत नाहीत, तोच भिंग पुढे करतो.

माझे भिंग मी आणले आहे. चहा होईपर्यंत ज्यांना आपल्या बांगड्या पाहायच्या असतील, त्यांनी खिडकीपाशी यावे. तिथे उजेड बरा आहे.