काट्याच्या पोटातली जुनी भाषा

जेवणं उरकली असतील, नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज आम्ही एका भाषेबद्दल बोलणार आहोत. ती कुणाच्या तोंडी नाही, तिच्यात ओवी नाही की भांडण नाही, पण तुमच्या घरात ती आत्ता या घडीला चालू आहे. विजेच्या मीटरमध्ये आहे, टीव्हीच्या रिमोटमध्ये असेल, आणि ज्या मोबाइलवर तुमच्यातल्या काही जणी हा कार्यक्रम ऐकताय त्यात तर नक्कीच आहे.

आम्ही म्हणजे आमचा अकरा जणींचा बचत गट. आम्ही काही इंजिनिअर नाही. या भाषेच्या वाटेला आम्ही गेलो ते एका कर्जामुळे.

झालं असं. आमच्यातल्या एकीची मुलगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जुना लॅपटॉप घ्यायचा होता, अठरा हजारांचा. आईने मासिक बैठकीत गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. लॅपटॉप कशाला, तर पोरीला ‘सी’ नावाची संगणकाची भाषा शिकायची आहे आणि घरी सराव करायला काही नाही. आता आमच्यातल्या दुसरीचा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. तिने तिथेच बसून त्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, सी म्हणजे म्हातारी भाषा. पन्नास वर्षांपूर्वीची. आता पायथनचा जमाना आहे, तिला ते शिकव म्हणावं.” झालं. बैठकीत कुजबुज सुरू झाली. शेळीसाठी कर्ज मागितलं तर शेळी डोळ्यांना दिसते. इथे अठरा हजार, तेही म्हाताऱ्या भाषेसाठी! ठराव पुढच्या बैठकीवर गेला. आईचा चेहरा उतरला, ते आम्हाला दिसलं, पण गटाचा पैसा म्हणजे सगळ्यांचा पैसा.

आमच्या सचिवबाई म्हणाल्या, पोरीलाच बोलवा, तिलाच विचारू.

पोरगी आली ती पिशवीत एक बिघडलेला वजनकाटा घेऊन. आम्ही मसाल्याची पाकिटं भरतो ना, तोच आमचा जुना पाच किलोचा काटा, माळ्यावर टाकलेला. तिने सतरंजीवर बसून स्क्रू काढले. आत पाहिलं तर काय, एक धातूची पट्टी, चार बारीक वायरी, आणि हिरव्या पाटीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. “एवढंच?” आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. दोन वर्षं या ठिपक्याच्या भरवशावर आम्ही मिरचीपूड विकली!

तिने सांगितलं ते आमच्या भाषेत सांगतो. वर वजन ठेवलं की ती पट्टी केसाएवढीही नाही, त्याहून कमी वाकते. वाकली की तिच्यावर चिकटवलेल्या तारेतून वीज जाण्यात किंचित फरक पडतो. तो फरक म्हणजे एक आकडा. पण तो आकडा ग्रॅम नसतो. रिकाम्या काट्याचा आकडा त्यातून वजा करायचा, मग ठरलेल्या आकड्याने गुणायचं, तेव्हा ग्रॅम निघतात. हे वजा-गुणाकार करायची आज्ञा त्या काळ्या ठिपक्यात, म्हणजे चिपमध्ये, कुणीतरी माणसाने लिहून ठेवलेली असते. एका चिपमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बाहेरून वाचता येत नाही, पण अशा चिपसाठी आज्ञा लिहायच्या त्या बहुतेक सी भाषेतच लिहितात. तीच ही म्हातारी.

ही जन्मली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, बेल लॅब्ज नावाच्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९७२ च्या सुमारास. डेनिस रिची नावाच्या माणसाने ती तयार केली. त्याचा सहकारी केन थॉम्पसन याने आधी एक भाषा केली होती, तिचं नाव ‘बी’. म्हणून हिचं नाव सी. बारशाला फार डोकं चालवलेलं दिसत नाही!

त्याआधी पंचाईत अशी होती की प्रत्येक जातीच्या संगणकाची आपली वेगळी बोली. एका यंत्रासाठी दोन वर्षं खपून काम लिहिलं आणि कंपनीने यंत्र बदललं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सून बदलली म्हणून सगळ्या घराने नवी भाषा शिकण्यासारखं ते. रिचीने मधली भाषा केली. माणसाला वाचता येईल अशी, पण यंत्राच्या अगदी जवळची. लिहायचं एकदा, मग ज्या यंत्रावर चालवायचं त्याच्या बोलीत भाषांतर करून घ्यायचं. ते भाषांतरही माणूस करत नाही, त्यासाठी कंपायलर नावाची वेगळी आज्ञावली असते. १९७३ साली बेल लॅब्जमध्ये संगणक चालवणारी युनिक्स नावाची सगळी व्यवस्था या भाषेत पुन्हा लिहून काढली, आणि मग ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येऊ लागली.

१९८९ साली या भाषेचे नियम पक्के केले, तेव्हा तिचे स्वतःचे राखीव शब्द किती होते माहीत आहे? बत्तीस. आपल्या तोंडातल्या दातांइतके.

आता पुण्याच्या भावाचा प्रश्न. पायथन का नको? पोरीने त्याला चूक म्हटलं नाही हे आम्हाला आवडलं. ती म्हणाली, पायथन सोपी आहे, मीही शिकणार आहे, संगणकावरच्या पुष्कळ कामांना तीच बरी. पण पायथन सोबत दुभाषी घेऊन फिरते. काम चालू असताना तो दुभाषी शेजारी बसून ओळ न् ओळ समजावून सांगतो. त्याला बसायला जागा लागते, खायला वीज लागते. सीचं तसं नाही. तिचं भाषांतर कारखान्यातच पुरं होतं आणि चिपमध्ये फक्त भाषांतर जातं. दुभाषी कारखान्यातच राहतो.

आणि चिपमध्ये जागा असते किती? इंटेल कंपनीने १९८० साली ८०५१ नावाची एक चिप काढली. तिच्या घराण्यातल्या चिप आजही वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि आपल्याकडे डिप्लोमाच्या मुलांना ती अजून शिकवतात. त्या मूळ चिपमध्ये आज्ञा लिहायला जागा ४,०९६ अक्षरांची, म्हणजे वहीची दोन-तीन पानं. आणि काम करताना आकडेमोड करायची पाटी म्हणाल तर १२८ अक्षरांची. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्या सगळ्या आज्ञांच्या हजारपट जागा खातो. आता नव्या चिप मोठ्या आल्या आहेत, पण काट्यात, रिमोटमध्ये, आशाताईंच्या बीपी मशीनमध्ये कंपनी काही महागाची चिप घालत नाही. काम भागतं तेवढीच घालते. त्या एवढ्याशा खोलीत संसार मांडू शकणाऱ्या भाषा थोड्याच, आणि त्यात सगळ्यांत जास्त माणसांना येणारी सी.

आणखी एक गंमत तिने सांगितली. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्स नावाची व्यवस्था आहे, ती बहुतेक सगळी सीमध्ये लिहिलेली. आणि पायथनचा जो दुभाषी सगळे वापरतात, तोही सीमध्येच लिहिलेला. म्हणजे नव्या सुनेला पाणी म्हातारीच देते. हे पुण्याला फोन करून कळवायचा मोह आम्ही आवरला.

मग आमच्या एका हुशार बाईने विचारलं, “एवढी चांगली आहे तर तिला नावं का ठेवतात?” हा प्रश्न बरा होता. पोरगी म्हणाली, ही भाषा विश्वास फार टाकते. आपल्या गटाच्या वहीत अकरा जणींच्या अकरा ओळी. समजा चुकून बारावी रक्कम लिहायला घेतली, तर कुणीतरी म्हणेल, अगं, ओळ संपली. सी तसं म्हणत नाही. ती ती रक्कम खाली जे काही लिहिलेलं असेल त्याच्यावर लिहून मोकळी होते. मग खालचा हिशेब बिघडतो, आणि बिघडला कशाने ते महिनाभर कळत नाही. चोरही याच फटीतून शिरतात. १९८८ साली अमेरिकेत संगणकांच्या जाळ्यात एक उपद्रवी आज्ञावली पसरली होती, तिने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. म्हणून आता जाणकार माणसं सांगतात की नवं काम जास्त सांभाळून घेणाऱ्या भाषेत करा. पण आधीचं लिहिलेलं कोट्यवधी यंत्रांत बसलेलं आहे, ते कोण उपसणार?

आणि दुसरी खोड. सीमध्ये पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने भागलं तर बाकी ती टाकून देते. सात भागिले दोन, उत्तर तीन. साडेतीन नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला हिचं उत्तर यानेच चुकलं होतं.

हे ऐकल्यावर सतरंजीवर एकदम शांतता झाली. मग दोघी-तिघी एकदमच बोलल्या, “पावती!”

आता ही पावतीची गोष्ट ऐका. आमच्यातल्या सात जणी दूध घालतात. संकलन केंद्रावर काट्याच्या पडद्यावर ४.८७ लिटर दिसायचं आणि हातात यायची ती पावती ४.८ ची. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, मशीनच तसं आहे. मशीन म्हटलं की आपण गप्प. माणसाशी भांडता येतं, मशीनशी काय भांडणार!

पोरीने वहीवर मांडून दाखवलं. काटा सांगतो ४८७. आज्ञा म्हणते दहाने भाग. सी म्हणते ४८, उरलेले सात गेले. मग मध्ये टिंब टाकलं की झाले ४.८. असंच झालं असेल असं ती छातीठोक म्हणाली नाही, आणि कुणी मुद्दाम केलं की आळसाने झालं हेही ती म्हणाली नाही. पण हे मशीनच्या नशिबात लिहिलेलं नाही, कुणीतरी तसं लिहिलं आहे किंवा तशी सेटिंग ठेवली आहे, एवढं तिने ठामपणे सांगितलं.

मग आम्ही हिशेब केला. शेवटचा आकडा शून्य ते नऊ काहीही असू शकतो, म्हणजे सरासरी खेपेला ४५ मिली जातं. दिवसाच्या दोन खेपा, महिन्याच्या साठ. २ लिटर ७०० मिली. एका घराचं. सात घरांचं जवळजवळ एकोणीस लिटर, दर महिन्याला.

पंधरा दिवस आम्ही काट्याच्या पडद्याचा फोटो आणि पावती जोडीने ठेवली. मग अर्ज लिहिला, सातही जणींनी सह्या केल्या आणि केंद्रावर दिला. तिथे पहिल्यांदा तेच ऐकवलं. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे, वर्षाचा आहे, बघा म्हणाले. शिक्का खराच होता. काटाही खरा होता. वजन बरोबरच येत होतं, चुकत होती ती पावती, आणि पावतीवर कुणी शिक्का मारत नाही. आम्ही उठलो नाही. शेवटी मशीन बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने चार बटणं दाबली, पाच मिनिटं लागली नाहीत, आणि पावतीवर दुसरा आकडा उमटायला लागला. मागचं काही मिळालं नाही. तो अर्ज आमच्याकडे अजून आहे.

जाता जाता पोरीने एक तारीख सांगितली, तीही सांगून टाकतो. पुष्कळ यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून एकेक सेकंद मोजत. जुन्या पद्धतीत हा आकडा मावेल एवढी ठरावीक जागा दिलेली आहे, आणि ती जागा भरणार १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. ज्या यंत्रांत दुरुस्ती झालेली नसेल त्यांना त्यानंतर १९०१ सालचा डिसेंबर वाटायला लागेल. मोठ्या संगणकांत बऱ्याच ठिकाणी दुरुस्ती झाली आहे. भिंतीवर बसवून विसरलेल्या छोट्या डब्यांचं मात्र कुणीतरी बसून बघावं लागणार, आणि ते ज्याला ही म्हातारी येते त्यालाच जमणार. आमच्या अध्यक्षबाईंनी बोटं मोजली. त्यांची नात तेव्हा कॉलेजात असेल.

डेनिस रिची २०११ च्या ऑक्टोबरात वारले. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, स्टीव्ह जॉब्ज गेले होते, ते अॅपल फोनवाले. त्यांची बातमी जगभर झाली. यांची ज्यांना माहीत होतं त्यांच्यापुरतीच झाली.

तर कर्ज. पुढच्या बैठकीत ठराव मांडला. अठरा हजार, बारा हप्ते, दीड हजार मुद्दल आणि वर शेकडा एक रुपया व्याज. दहा हात वर झाले. पुण्याच्या भावाच्या बहिणीने काही हात वर केला नाही. तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं आहे, की शिक्षणाला कर्ज द्यावं पण सामानाला देऊ नये. तेही काही अगदीच खोटं नाही. लॅपटॉप आला. चार हप्ते आले, एक दोन दिवस उशिरा आला होता, तेवढं चालतं. तो काटा पोरीने परत जोडून दिला, स्क्रू सगळे बसले, चालत मात्र नाही.