पडद्यामागची मराठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बालविभागाच्या छायाबाहुली पथकातर्फे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावर बालविभागास बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. आमचे पथक लहान आहे. एक पांढरे धोतर, एक दिवा, पुठ्ठ्याच्या शंभरेक बाहुल्या आणि आठ ते चौदा वर्षांची वीस-पंचवीस मुले, एवढाच आमचा संसार. या संसाराची हकीगत आपणांस सांगावी, आमच्या हातून झालेल्या चुका कबूल कराव्यात आणि शेवटी मंडळापुढे एक मागणे ठेवावे, इतकाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत गणेशोत्सवात आपल्याकडे मुलांचे नाटक होत असे. बंगळुरात जन्मलेली ही मुले आपले संवाद रोमन लिपीत लिहून घेत, आई विंगेतून शब्द पुरवी, आणि एखाद्याने ‘तो पुस्तक’ किंवा ‘माझी पाय’ म्हटले की सभागृहात हशा पिकत असे. त्या हशात कौतुक होते, हे आम्ही जाणतो. पण नऊ वर्षांच्या मुलास हशातले कौतुक कळत नाही, त्याला हसणे तेवढे ऐकू येते. त्या वर्षी एका मुलीने नाटकात उभे राहण्यास साफ नकार दिला. “मी मराठी बोलले की सगळे हसतात,” असे ती म्हणाली, आणि घरीदेखील इंग्रजीतच उत्तरे देऊ लागली. ज्या भाषेच्या प्रेमापोटी आपण हे मंडळ चालवतो, त्याच भाषेची लाज आपण आपल्याच मुलांना शिकवत आहोत की काय, ही शंका आम्हांस तेव्हा प्रथम चाटून गेली.

त्यावर तोड म्हणून छायाबाहुल्या सुचल्या. मूल पडद्यामागे राहील, लोकांस केवळ बाहुलीची सावली दिसेल. मग चूक झाली तरी ती बाहुलीची!

पहिला खेळ लावला तो ‘म्हातारी आणि भोपळा’ या गोष्टीचा. तो सपशेल फसला. आम्ही जाड चादर बांधली होती आणि मागे ट्यूबलाइट लावली होती. लांबलचक दिव्याची सावली पसरट व फिकी पडते, हे साधे शास्त्र आम्हां पदवीधरांच्या ध्यानात आले नव्हते. वाघ कोणता आणि भोपळा कोणता हेच प्रेक्षकांस उमगेना. पुढच्या खेपेस चादर जाऊन पातळ, ताणून बसवलेले धोतर आले आणि ट्यूबच्या जागी एकच लहानसा प्रखर दिवा आला. बाहुली कापडास टेकवली की सावली रेखीव पडते आणि दिव्याकडे नेली की ती मोठी व धूसर होत जाते, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले. वाघाला हळूहळू दिव्याकडे ओढून त्यांनी तो पडदाभर मोठा केला, तेव्हा पुढच्या रांगेतली बाळे आईच्या कुशीत शिरली. पुठ्ठा कापून बाहुल्या करायच्या, खराट्याच्या काड्यांनी त्या धरायच्या, हातापायांचे सांधे दोऱ्याच्या गाठींनी जोडायचे, भोक पाडून मागे रंगीत जिलेटीनचा कागद चिकटवायचा, हे सारे काम मुलेच करतात. घरोघरच्या जुन्या एक्स-रे फिल्मदेखील आमच्याकडे येतात; कोणाच्या तरी आजोबांच्या गुडघ्यातून आमचा मारुती जन्मास आला आहे.

आणि मुले बोलू लागली. जी मुलगी मराठी बोलण्यास तयार नव्हती, तीच म्हातारीच्या आवाजात वाघाला दटावू लागली. तिच्या बोलण्यात चुका होत्याच. पण म्हातारीचे बोलणे चालू असताना तिला थांबवून व्याकरण कोण शिकवणार? चौथ्या-पाचव्या खेळापर्यंत त्यांतल्या निम्म्या चुका, कोणी न सांगता, आपोआप गळून पडल्या.

तिसऱ्या वर्षी आमची हौस वाढली. ज्यांच्या घराण्यात हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, अशा कलावंतांस मुलांपुढे बोलवावे असे ठरले. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जतन केल्या आहेत. तेथील श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण वाचले असेलच. ओडिशातली ‘रावणछाया’ बिनरंगी आणि सांधे नसलेल्या अखंड बाहुल्यांची. तर आंध्रातल्या ‘तोलु बोम्मलाटा’च्या बाहुल्या चांगल्या मोठ्या, खांदे-कोपर-गुडघे वळवणाऱ्या आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या. त्यामुळे त्यांची सावलीही रंगीत पडते. केरळात पालक्काड भागात देवीच्या देवळापुढे एकवीस दिवे लावून कंब रामायणाचा खेळ होतो. भद्रकाली दारिकासुराशी लढत असल्यामुळे तिला राम-रावणांचे युद्ध पाहता आले नाही, म्हणून तो खेळ तिच्यासाठी. समोर माणूस असो वा नसो, देवी पाहते ही श्रद्धा. आणि आपण राहतो त्या कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’. बकऱ्याचे कातडे कमावून पारदर्शक करायचे, त्यावर चित्र काढून टोच्याने नक्षी पाडायची, मग रंगवायचे. राजा व देव मोठे, चाकर लहान, अशी आकारांतच पायरी ठेवलेली. पाऊस लांबला तर पूर्वी गावकरी हा खेळ मुद्दाम लावीत.

पिंगुळी दूर, म्हणून बळ्ळारी भागातल्या एका वयोवृद्ध कलावंतांस आम्ही निमंत्रण दिले. ते, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि नातू असे चौघेजण बाहुल्यांची पेटी घेऊन सकाळीच आले. दिवसभर आम्ही त्यांच्याशी आमच्या मोडक्या कन्नडमध्ये बोलत होतो. चहा विचारला तो कन्नडमध्ये, मानधनाची घासाघीस केली तीही कन्नडमध्ये. होय, घासाघीस केली. आज या व्यासपीठावरून सांगताना संकोच वाटतो, पण केली. त्यांनी सांगितलेल्या रकमेतून आम्ही बरीच कपात करून घेतली, आणि मंडळाचा पैसा वाचवला म्हणून आपसांत समाधानही मानले.

सायंकाळी खेळ सुरू झाला. आपली ती मुलगी आता बारा वर्षांची झाली होती. बाहुल्या कशा हालवतात हे पाहण्यासाठी ती पडद्यामागे जाऊन बसली. थोड्या वेळाने ती धावत बाहेर आली आणि आम्हांस म्हणाली, “काका, ते आजोबा मराठी बोलतायत. म्हणजे, आपल्यासारखं नाही, पण मराठीच!”

आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. पडद्याच्या पुढे अस्खलित कन्नडमध्ये रामायण चालले होते आणि पडद्याच्या मागे आजोबा आजींना काही सूचना देत होते. बोली वेगळी होती, हेल वेगळा होता, काही शब्द कळत नव्हते. परंतु ‘हात’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द असे कानांवर आले की आमच्या अंगावर काटा उभा राहिला. खेळ संपल्यावर आम्ही त्यांस मराठीतून विचारले, “आजोबा, सकाळी का नाही सांगितलंत?” ते हसले. आपणांस कोणी विचारलेच नाही, एवढेच ते म्हणाले.

पुढे आम्ही शोध घेतला तेव्हा कळले की यात नवल असे काहीच नव्हते. कर्नाटकात हा खेळ करणारा किल्लेक्यात समाज घरात मराठीची एक बोली बोलतो, हे अभ्यासकांनी केव्हाच नोंदवून ठेवले आहे. आंध्रातल्या बाहुलीवाल्यांची घरची भाषा ‘आरे’ म्हणून ओळखली जाते, तीही मराठीचीच बोली. तमिळनाडूतल्या मंडिकर कलावंतांचे घरही मराठीच, आणि त्यांचा संबंध तंजावरच्या मराठी राज्याशी जोडला जातो. बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे आपण प्रत्येक शिवजयंतीस अभिमानाने सांगतो. पण कन्नड, तेलुगू आणि तमिळ रसिकांस रामायण-महाभारत दाखवीत गावोगाव हिंडलेली ही मराठी घरे आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात एकदाही आली नाहीत. आपल्या सभासदांच्या यादीत बँकेतले आहेत, कारखान्यांतले आहेत, संगणकवाले आहेत. मराठी माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपणच उभे राहतो.

त्यांची भाषा कशी टिकली याचे आम्ही उगाच गुणगान करू इच्छित नाही. ती अभिमानाच्या घोषणांनी टिकली नाही. हा समाज भटका आणि गरीब राहिला, बाहुल्यांबरोबर मासेमारीही करीत आला, गावाने त्यास वेशीपाशीच ठेवले. घरच्या माणसांशी बोलायला घरची भाषाच रोज लागली, म्हणून ती टिकली. जेव्हा लागत नाही तेव्हा ती जाते. त्या आजोबांचा नातू मालवाहू गाडी चालवतो. आजोबा बोलत ते त्याला समजत होते, पण तो उत्तरे कन्नडमध्येच देत होता. आजोबांपुढे बसलेला तो नातू आणि आमच्या घरी इंग्रजीत उत्तरे देणारी आमची मुले, यांत आम्हांस काही अंतर दिसले नाही.

त्या भेटीने आमच्या पथकातला एक जुना वादही मिटवला. चामड्याच्या खेळात किल्लेक्यात नावाचाच एक विदूषक असतो, त्याची बायको बंगारक्का. देवादिकांची भाषणे चालू असताना हे जोडपे मध्येच घुसते आणि गावातल्या आजच्या गोष्टींवर गावच्याच बोलीत टीका करते. आमच्या मुलांनीही ‘टिल्लू’ नावाचा एक विदूषक केला होता आणि त्याने कन्नड बोलावे असा त्यांचा हट्ट होता. मंडळात कन्नड कशाला, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले, आणि खरे सांगायचे तर आमचेही तेच मत होते. आता टिल्लू कन्नड बोलतो, आणि म्हातारी त्याला मराठीत उत्तर देते. त्यामुळे आमचा खेळ मंडळाच्या सभागृहाबाहेर पडू शकला. सरकारी कन्नड शाळांत, बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांपुढे, एका रुग्णालयाच्या बालकक्षात आम्ही तो केला आहे. तिथली मुले आमच्या म्हातारीला ‘अज्जी’ म्हणून हाक मारतात आणि आमची मुले आतून ‘आजी’ म्हणून ओ देतात. दोन हाकांत फरक तो किती! आमच्या मुलांस आपल्या मराठीची लाज वाटेनाशी झाली ती या खेळांनंतर. कारण तिथे त्यांच्या मराठीला हसणारे कोणी नव्हते, ती शिकू पाहणारे मात्र होते.

२०२० साली टाळेबंदी आली आणि पथक बंद पडले. त्या काळात काही मुलांनी घरातल्या भिंतीवर हातांच्या सावल्या पाडून आजी-आजोबांस गोष्टी सांगितल्या, असे नंतर पालकांकडून कळले. मात्र बळ्ळारीच्या त्या घराचे त्या काळात काय झाले असेल, खेळ नाहीत तर चूल कशी पेटली असेल, याची चौकशी आम्ही केली नाही. पुढे फोन केला तेव्हा आजोबा निवर्तल्याचे समजले. बाहुल्यांची पेटी घरातच आहे, असे आजींनी सांगितले. त्यांनी ते मराठीत सांगितले, आणि या वेळी आम्हीही मराठीतच ऐकले.

म्हणून हे मागणे. सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी एका बाहुलीकार कुटुंबास मंडळाने बोलवावे. मुलांनी त्यांच्याकडून आठवडाभर शिकावे. आणि मानधन ते सांगतील ते, घासाघीस न करता द्यावे. त्या कुटुंबास गुढीपाडव्याच्या पंगतीस बोलवावे, पाहुणे म्हणून नव्हे, सभासद म्हणून. गेल्या काही वर्षांत या कलेस मान मिळू लागला आहे. २०२० मध्ये आंध्रातले दळवाई चलपती राव आणि २०२५ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांस पद्मश्री जाहीर झाली. सरकारने त्यांची दखल घेतली, हे योग्यच झाले. पण शेजाऱ्याने दार उघडणे ही गोष्ट वेगळी, आणि ती सरकार करू शकत नाही.

जी मुलगी नऊ वर्षांची असताना मराठी बोलावयास लाजत होती, ती आज वीस वर्षांची आहे आणि आमच्या खेळांचे संवाद लिहिते. देवनागरीत लिहिते. पुढील महिन्यात ती बळ्ळारीस जाणार आहे. आजींकडे बसून त्यांच्या बोलीतले शब्द वहीत उतरवून घ्यावेत, अशी तिची इच्छा आहे. तिच्या प्रवासखर्चास मंजुरी मिळावी, ही आमची पहिली आणि सर्वांत निकडीची विनंती समजावी.

 आता दिवे मालवण्याची विनंती करतो. मुले पडद्यामागे केव्हाची ताटकळली आहेत.