मुलांच्या वाट्याचा वेळ



आई नोकरीस बाहेर पडली की मुलांच्या वाट्याचा वेळ हरपतो, असे विधान समाजात सर्रास केले जाते. ते ऐकावयास खरे वाटते. पण आकडे निराळेच सांगतात. गुर्यन, हर्स्ट व कर्नी या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अमेरिकेतील कुटुंबांच्या दिनक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शालान्त वा त्याहून कमी शिकलेल्या मातांपेक्षा पदवीधर माता आठवड्याला सुमारे साडेचार तास अधिक मुलांसाठी देतात, असे त्यात आढळले. विशेष हे की, याच माता घराबाहेरचे कामही अधिक करतात! पित्यांचेही चित्र असेच आहे. पुढे २०१२ मध्ये एरियल कलिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सुशिक्षित माता वयानुरूप वेळेचे रूपही पालटतात : तान्ह्याशी खेळणे, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलाला शिकविणे, गोष्टी वाचून दाखविणे.

यावरून अल्पशिक्षित मातेची माया कमी, असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध अन्याय होय. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस निघणारे कुटुंब पाहावे. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटेच्या अंधारात दोघे फडात उतरतात. गाडी भरण्याची पाळी रात्रीही येते. तान्हे मूल बांधावर झोळीत आणि त्याला सांभाळणारी बहीण स्वतःच शाळेच्या वयाची. आई दिवसभर हाकेच्या अंतरावर असते, तरी ती मुलाला लाभत नाही. तिच्याकडे माया आहे. मोकळा हात नाही.

भारतातील २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, घरातील माणसांच्या विनामोबदला संगोपनात सहभागी स्त्रिया दिवसाला १३४ मिनिटे देत, पुरुष ७६. म्हणजे कुटुंब कोणतेही असो, भार बहुधा एकाच खांद्यावर.

२०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. परंतु ऊसतोड मजुराचा व्यवहार मुकादमाशी. आज हा फड, उद्या तो. अशा मातेसाठी पाळणाघरानेच चालत यावयास हवे. ते अशक्य नाही. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. त्यातून उभ्या राहिलेल्या 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेची पाळणाघरे बांधकाम संपले की पुढच्या जागी हलत.