गोधडीचा आहेर

परभणीच्या काळ्या रानात कापूस पिकतो. तरी आमच्याकडे बाळाला आहेर म्हणून द्यावयाची गोधडी जुन्या कापडाचीच शिवतात. आजीचे विटलेले लुगडे, आजोबांचे धोतर, असे थर लावून धावदोरा घालावयाचा. वारंवार धुतलेले सूत मऊ होते, कोवळ्या अंगाला टोचत नाही.

असा आहेर आम्ही जपावयाचा म्हणून पेटीत कोंडतो. तेथे तो ओल धरतो, बुरशी येते, घडीवरच विरतो. गोधडी रोज अंथरावी, सौम्य साबणाने धुवावी, या वैशाखी उन्हात खडखडीत वाळवावी. उसवली तर लागलीच टाका घालावा. शिवणारीने दुपारच्या दुपारी डोळे शिणविलेले असतात. मूल त्या गोधडीवर निजले, की तिचा आहेर पोचला.